डोंगराची भेग आणि वस्तीचा निर्णय
(वादळप्रवण डोंगराळ गावांतील लोकपुढाकाराचा एक अभ्यास)



चक्रीवादळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर समुद्रकिनारा उभा राहतो. उन्मळून पडलेली माडाची झाडे, उलटलेल्या होड्या, उडालेले पत्रे. परंतु प्रशांत महासागराच्या पश्चिमेला फिलिपाइन्स, तैवान, व्हिएतनाम ह्या देशांत वादळाने जी माणसे मरतात, त्यांतील पुष्कळशी समुद्रापासून दूर, डोंगरात राहणारी असतात. तिकडे ह्या वादळाला टायफून म्हणतात. वादळ तेच, आपल्या समुद्रात झाले तर चक्रीवादळ, त्यांच्या समुद्रात झाले तर टायफून. फिलिपाइन्सच्या सागरी हद्दीत वर्षाला सरासरी वीस वादळे येतात आणि त्यांतील आठ-नऊ प्रत्यक्ष भूमीवरून जातात. म्हणजे तेथील डोंगरी माणसाला वादळ हा अपघात नाही, तो ऋतूच आहे.

असे असताना काही वस्त्या वाचतात आणि काही वाचत नाहीत, ह्याचे कारण काय? सरकार, हवामान खाते, उपग्रह ही साधने दोन्ही वस्त्यांना सारखीच असतात. फरक कोठे पडतो, हे पाहण्यासाठी हा लेख आहे. मी भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. परंतु आकडे तपासण्याची सवय आहे आणि माझे आजोळ डोंगराच्या पायथ्याशी आहे. एवढ्या दोन भांडवलांवर हे लिहीत आहे.

दोन वस्त्या, दोन दिवस

सप्टेंबर २०२४ मध्ये ‘यागी’ नावाचे टायफून व्हिएतनामच्या उत्तर भागावर आदळले. तारीख ७ सप्टेंबर. किनाऱ्यावर त्याने हाहाकार केला, आणि ८ तारखेला आत डोंगराकडे सरकताना त्याचा जोर ओसरला. नकाशावर ते आता टायफून राहिले नव्हते; कमी दाबाचे क्षेत्र झाले होते. दूरचित्रवाणी पाहणाऱ्याला वाटावे, संकट टळले. प्रत्यक्षात डोंगरातील संकट तेव्हा सुरू होत होते, कारण वारा थांबला तरी पाऊस थांबला नव्हता.

चीनच्या सीमेलगतच्या लाओ काय प्रांतात खो वांग नावाची एक लहान वस्ती होती. १७ घरे, ११५ माणसे. ९ सप्टेंबरला वस्तीचा प्रमुख काही तरुणांना घेऊन घरांमागचा डोंगर पाहावयास गेला. त्याला कोणी पाठविले नव्हते. वर त्यांना जमिनीला पडलेली भेग दिसली. सुमारे वीतभर रुंदीची. तो खाली आला आणि घरोघर जाऊन म्हणाला, निघा. वीज गेली होती, भ्रमणध्वनी बंद पडले होते, वरिष्ठांना विचारण्याची सोय नव्हती. लोकांनी तांदूळ, प्लॅस्टिकचे कागद, पोरेबाळे घेतली आणि ते जवळच्या एका सुरक्षित उंचवट्यावर गेले. तेथे खोपटी उभारून राहिले. बाहेरच्या जगाला त्यांचा पत्ता नव्हता. ११५ माणसे बेपत्ता, अशी काळजीची बातमी होती. ११ तारखेला शोध लागला तेव्हा सगळीच्या सगळी जिवंत होती.

मधल्या दिवशी, १० सप्टेंबरच्या सकाळी सहाच्या सुमारास, त्याच प्रांतातील लांग नू ह्या गावावर चिखल, दगड आणि पाण्याचा लोंढा आला. ३७ घरे, १५८ माणसांचे गाव. साठहून अधिक माणसे दगावली अथवा बेपत्ता झाली. ‘यागी’ने एकट्या व्हिएतनाममध्ये तीनशेहून अधिक बळी घेतले, परंतु त्या देशाच्या मनात राहिले ते हे गाव.

ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवून ‘एक गाव शहाणे आणि दुसरे गाफील’ असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. लांग नूवर आलेला लोंढा काही किलोमीटर वरच्या डोंगरातून सुटला होता. तो घराच्या ओसरीतून दिसणारा नव्हता. खो वांगच्या माणसाला भेग दिसली, कारण ती त्याच्या चालण्याच्या टप्प्यात होती. लांग नूला वाचवावयाचे तर वरच्या अंगाला राहणाऱ्या कोणीतरी खालच्यांना सांगावे लागले असते आणि ते सांगण्याची वाट आधी ठरलेली असावी लागली असती. एका वस्तीचे डोळे त्या वस्तीपुरते असतात. ही मर्यादा आरंभीच लक्षात ठेवू.

खो वांगच्या बाबतीत मला भेगेपेक्षाही दुसरी गोष्ट मोठी वाटते. तो ‘निघा’ म्हणाला आणि सतराही घरे निघाली. एकही घर मागे राहिले नाही. वस्तीचा असा विश्वास एका दुपारी मिळत नाही. तो आधीच्या अनेक वर्षांच्या व्यवहाराचा शिलकी जमा असतो.

पाण्याचा हिशेब

डोंगर का सरकतो, हे विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात सांगतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. ३०० मिलिमीटर पाऊस पडला तर एक हेक्टर उतारावर ३० लाख लिटर, म्हणजे तीन हजार टन पाणी पडते. दहा हजार लिटरचे तीनशे टँकर एका हेक्टरावर रिते केल्यासारखे. त्यातले काही वाहून जाते, काही मुरते. मुरलेले पाणी माती जड करते आणि त्याच वेळी मातीच्या कणांमधली पकड सैल करते. खाली कातळ असेल तर पाणी तेथे अडते आणि वरचा थर जणू ओल्या फरशीवर उभा राहतो. मग पायथ्याशी रस्त्यासाठी किंवा घरासाठी डोंगर कापलेला असला की टेकूही गेलेला असतो.

डोंगर वादळाच्या ढगांना वर ढकलतो आणि म्हणून पाऊस तेथे जास्त पडतो. फिलिपाइन्सच्या लुझॉन बेटावर कॉर्डिलेरा पर्वतरांगेत बागियो हे थंड हवेचे शहर आहे. तेथे जुलै १९११ मध्ये चोवीस तासांत ११६८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. २६ जुलै २००५ ची मुंबई ज्यांनी पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगतो: सांताक्रूझला त्या दिवशीची नोंद ९४४ मिलिमीटर होती.

आता वाऱ्याच्या इशाऱ्याची अडचण पाहा. फिलिपाइन्सच्या हवामान खात्याचे, म्हणजे ‘पगासा’चे, १ ते ५ क्रमांकाचे जे वादळ-इशारे असतात ते वाऱ्याच्या जोराचे असतात. पाच म्हणजे भयंकर, एक म्हणजे सौम्य. परंतु वाऱ्याचा क्रमांक उतरला म्हणजे दरडीचा धोका उतरला असे मुळीच नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये ‘पेपेंग’ हे टायफून ३ तारखेला लुझॉनवर आले आणि पुढे निघून जाण्याऐवजी रेंगाळत, पुन्हा मागे वळत राहिले. बेंगेत प्रांतातील ला त्रिनिदाद येथे दरड कोसळली ती ८ तारखेच्या रात्री. पाच दिवसांनी! तोवर वारा मंदावला होता. सत्तरहून अधिक माणसे तेथे गेली. इशाऱ्याचा आकडा खाली येत होता आणि डोंगरातील पाण्याची शिल्लक वर चढत होती. बँकेच्या भाषेत सांगायचे तर लोक त्या दिवसाची भरणा-पावती पाहत होते. पाहावयास हवी होती ती खात्यातील एकूण बाकी.

ही बाकी मोजण्याचे काम राजधानीत बसून पुरेसे होत नाही. एका डोंगराच्या ह्या अंगाला कोसळधार असते आणि त्या अंगाला रिमझिम. म्हणून तैवानने एक चांगली गोष्ट केली. तेथे २००५ पासून डोंगरी खेड्यांतील रहिवाशांनाच प्रशिक्षण देऊन दरड-निवारणाचे स्वयंसेवक केले जाते. त्यांच्याकडे साधे पर्जन्यमापक असते. पाऊस वाढला की ते मोजमाप घेतात, खात्याला कळवतात आणि शेजाऱ्यांना सावध करतात. किती पावसाचा अंदाज असला की पिवळा इशारा आणि प्रत्यक्ष किती पाऊस झाला की लाल, हे आकडे आधी ठरलेले असतात. ऑगस्ट २००९ मध्ये ‘मोराकोट’ ह्या टायफूनने तैवानचे शाओलिन गाव गाडून टाकले, चारशेहून अधिक माणसांसह. म्हणजे व्यवस्था असूनही एवढा घात झाला. त्यानंतर ह्या गावपातळीवरच्या कामाचा विस्तार झाला आणि वेळेआधी माणसे हलविण्यावर भर आला.

‘येथे पक्की भिंत आहे’

सर्वांत जास्त विचार करायला लावणारी घटना मला इतोगोनची वाटते. इतोगोन हे बेंगेत प्रांतातील सोन्याच्या खाणींचे गाव. १५ सप्टेंबर २०१८ रोजी ‘ओम्पोंग’ हे टायफून (जगात त्याचे नाव ‘मांगखुत’) लुझॉनवरून गेले. उकाब भागात स्वतःच्या हिमतीवर लहान खाणी खणणारे मजूर आणि त्यांची कुटुंबे एका जुन्या पक्क्या इमारतीत आश्रयाला होती. पूर्वी ती खाणकामगारांची निवासी इमारत होती आणि पुढे तेथे प्रार्थनाही होत असे. अधिकाऱ्यांनी आधी जागा सोडण्यास सांगितले होते. परंतु लोकांना ती इमारत मजबूत वाटत होती. वाऱ्याच्या दृष्टीने ती होतीही. वरून डोंगर आला. त्या परिसरातून ऐंशीहून अधिक मृतदेह काढण्यात आले.

येथे लोकांना मूर्ख म्हणून मोकळे होणे फार सोपे आहे. पण त्या माणसांच्या जागी उभे राहून पाहा. खाण सोडून दूर जावे तर मजुरी बुडते, हत्यारे जातात, आपण खणलेल्या बिळावर दुसरा बसतो. त्यांतील बरेचसे बाहेरगावाहून पोटासाठी आलेले. आणि मागच्या खेपेला सांगितले होते तेव्हा काही झाले नव्हते, हाही अनुभव गाठीला असतोच. ‘हलवा’ म्हणणाऱ्याने ‘हलल्यावर चूल कशी पेटेल’ ह्याचे उत्तर बरोबर आणले नाही तर त्याचा शब्द वाऱ्यावर जातो. आणि निवारा निवडताना प्रश्न एकच विचारला गेला: छप्पर टिकेल का? दुसरा प्रश्न राहूनच गेला: ह्या छपराच्या वर काय आहे?

गेल्या उन्हाळ्यात आजोळी गेलो असता हे डोक्यात होतेच. मामांना विचारले, “मामा, रात्रीचा पाऊस वाढला तर तुम्ही सगळे कुठे जाणार?”

मामा म्हणाले, “कुठं म्हंजे? विहारात. वर स्लॅब हाय, खाली फरशी हाय. सगळी वाडी मावंल.”

वाडीतील बांधवांनी पै-पै जमवून बांधलेला तो विहार. मी स्वतः त्याच्या वर्गणीच्या पावत्या फाडल्या आहेत. तो उभा आहे ओढ्याच्या तोंडाशी, डोंगराच्या अगदी पोटाखाली. का? कारण वाडीला गावाने सोडलेली जागाच ती होती. चांगली, सपाट, उंच जागा आमच्या वाट्याला कधी आली होती? मी मामांना पुढे काही बोललो नाही. म्हणजे बोलण्याचे धैर्य झाले नाही, असे लिहिणेच खरे.

डोंगराच्या कडेला, ओढ्याच्या काठाला कोण राहतो, हा प्रश्न भूगोलाचा कमी आणि समाजाचा जास्त आहे. लाओ कायच्या डोंगरात ह्मोंग, दाओ, ताय अशा लोकसमूहांच्या वस्त्या आहेत. तेथे राजभाषेत दिलेला इशारा आजीपर्यंत पोहोचतोच असे नाही. इतोगोनला पोटार्थी खाणमजूर होते. आपल्याकडे ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण, २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी. माळीण आणि इर्शाळवाडी आदिवासी बांधवांच्या वस्त्या. तो टायफून नव्हता, मोसमी पाऊस होता. पण पाण्याने भरलेल्या डोंगराला तो फरक कळत नाही. इर्शाळवाडीचे नाव तर दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीतही नव्हते. यादी करणारे दुष्ट होते असे नव्हे. यादी जिल्ह्याची होते, भेग मात्र एका विशिष्ट शेताच्या बांधावर पडते.

गावाजवळ काय असते

तर मग गावाने करावयाचे काय? व्हिएतनाममध्ये ह्यासाठी एक जुने सूत्र शासनानेच रुजविले आहे. त्याचा आशय असा की चार गोष्टी जागेवरच हव्यात: नेतृत्व, माणसे, साधने आणि शिधा. रस्ता तुटणार हे गृहीत धरूनच ही मांडणी केलेली आहे. खो वांगला नेमके हेच घडले. नेता जागेवर होता, तरुण जागेवर होते, प्लॅस्टिकचे कागद आणि तांदूळ घरात होते. २००९ पासून त्या देशात गावपातळीवरील आपत्ती-व्यवस्थापनाची राष्ट्रीय योजनाही चालविली गेली. वरून आलेली योजना खाली जिवंत राहते की नाही, हे मात्र शेवटी वस्तीवरच ठरते.

कॉर्डिलेरातील इफुगाव लोकांचे उदाहरण मला जवळचे वाटते. त्यांची डोंगरउतारावरील भातखाचरे १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. खाचरांच्या वरच्या अंगाला प्रत्येक कुळाचे राखीव रान असते. त्याला ते ‘मुयोंग’ म्हणतात. हे रान पाणी धरून ठेवते आणि माती बांधून ठेवते. लाकूड लागले तर जपून तोडायचे आणि पुन्हा लावायचे, हा रिवाज. पावसाआधी पाट साफ करणे, खाचराची दगडी ताल फुगू नये म्हणून पाण्याला वाट करून देणे, पडलेली ताल सर्वांनी मिळून उभी करणे ही कामे ते ‘उब्बु’ ह्या देवघेवीच्या श्रमपद्धतीने करतात. आज तुझ्या शेतावर मी, उद्या माझ्या शेतावर तू. आपल्याकडे ह्यालाच सावड किंवा इर्जिक म्हणतात. आपत्तीची तयारी ही कोणी शिबिर भरवून शिकविण्याची नवी गोष्ट आहे असे आपण समजतो. वास्तविक ताल दुरुस्त करणारी सावड हीच तयारी होय. तरुण शहरात गेले, ताल पडली आणि उभी करायला माणसे राहिली नाहीत. ही इफुगावचीही आजची चिंता आहे आणि कोकणातली तर आहेच आहे.

पैशाविषयी दोन शब्द, कारण तो माझा विषय. फिलिपाइन्सने २०१० मध्ये आपत्ती-निवारणाचा कायदा केला. त्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने आपल्या नियमित उत्पन्नाच्या किमान ५ टक्के रक्कम ह्या कामासाठी वेगळी काढायची. अगदी ‘बरंगाय’ ह्या सर्वांत लहान घटकाने, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या संस्थेनेसुद्धा. ह्या रकमेचे ३० टक्के आपत्ती आल्यावर तातडीच्या मदतीसाठी राखीव. उरलेले ७० टक्के आपत्ती येण्यापूर्वीच्या कामांसाठी वापरता येतात. खर्च न झालेली रक्कम बुडत नाही. ती विशेष निधीत पाच वर्षे राहते. बरंगायच्या समितीत दुर्बल घटकांच्या लोकसंघटनांचे किमान दोन प्रतिनिधी असलेच पाहिजेत, असेही कायदा सांगतो. मला हे वाचून आनंद झाला आणि लगेच शंकाही आली. डोंगरातल्या गरीब बरंगायचे उत्पन्न ते किती? त्याचे ५ टक्के म्हणजे दोरखंड, बॅटऱ्या आणि भोंगा एवढेच. ज्याचा धोका जास्त त्याचेच उत्पन्न कमी, हा हिशेब टक्केवारीने सुटत नाही. तरीही ‘संकट येण्यापूर्वी खर्च करणे’ ह्याला कायद्याच्या जमाखर्चात स्वतंत्र रकाना मिळाला, ही लहान गोष्ट नव्हे.

आणखी एक गोष्ट माझ्या टेबलावरची. पुरानंतर आमच्या शाखेत माणसे ओली पासबुके घेऊन येतात. पाने एकमेकांना चिकटलेली, शाई उतरलेली. एक आजी नोटांचा लगदा पदरात बांधून आल्या होत्या. माणूस घराबाहेर पडून पुन्हा आत जातो तो बहुधा कागदांसाठी, दागिन्यांसाठी किंवा गोठ्यातल्या जनावरासाठी. आणि तेव्हाच सापडतो. पासबुक, सातबारा, शिधापत्रिका, आधारपत्र, जातीचा दाखला, मुलांचे गुणपत्रक हे सर्व एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला टांगले आणि जनावराचे दावे कोणी सोडायचे हे ठरले, तर परत आत जाण्याची निम्मी कारणे संपतात.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग

फिलिपाइन्समध्ये अनेक ठिकाणी गावकऱ्यांनी स्वतः आपल्या गावाचा पुठ्ठ्याचा उठावाचा नकाशा करून धोक्याचा अभ्यास केला आहे. ही पद्धत आपल्या विद्यार्थ्यांना सहज जमण्यासारखी आहे, म्हणून ती जरा तपशिलाने देतो.

गावाचा समोच्चरेषा असलेला नकाशा मिळवायचा. तो मोठा करून घ्यायचा. सर्वांत खालच्या रेषेच्या आकाराचा पुठ्ठा कापायचा, त्यावर पुढच्या रेषेचा, त्यावर त्यापुढचा. असे थर चिकटवत गेले की टेबलावर डोंगर उभा राहतो. त्यावर भिजविलेला कागद लावून वाळवायचा. मग मुलांनी बाजूला व्हायचे आणि गावातील मोठ्या माणसांना बोलवायचे. घराला एका रंगाची टाचणी, विहिरीला दुसऱ्या, ओढ्याला निळा दोरा, पायवाटेला पिवळा. ज्या घरात अंथरुणाला खिळलेले, आंधळे, गरोदर किंवा तान्ह्या मुलाचे माणूस आहे त्या घराला वेगळी टाचणी. पूर्वी माती कोठे सरकली, कोणत्या वर्षी ओढ्याने वाट बदलली, हे म्हाताऱ्यांना विचारून रंगवायचे.

कागदावरचा सपाट नकाशा पाहून माझी मामी गप्प बसते. तिला तो वाचता येत नाही. पण पुठ्ठ्याचा डोंगर पाहिला की ती बोट ठेवून सांगेल, “हितं झरा हाय, पावसाळ्यात गढूळ येतो.” रानात लाकडाला, गवताला, पाण्याला बायाच जातात. झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे, नव्या जागी पाझर फुटणे, झाडे किंवा खांब कलणे, दाराची चौकट आवळून दार न लागणे, पाऊस चालू असताना ओढ्याचे पाणी एकाएकी कमी होणे (म्हणजे वर कोठेतरी दरडीने पाणी अडविले आहे) ही लक्षणे प्रथम त्यांनाच दिसतात. समितीत मात्र पुरुष बसतात. ही चूक तिकडेही होते, इकडेही होते.

नकाशा झाला की दोन प्रश्न विचारायचे. माणसे जेथे जमणार त्या जागेच्या वर काय आहे? आणि तेथे जाणारी वाट ओढा ओलांडते का? त्यानंतर पावसाचे मोजमाप. सरळ भिंतीची प्लॅस्टिकची बाटली घ्यायची, वरचा भाग कापून तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा, बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवायची. शून्याची खूण जेथे असेल तेथपर्यंत आधी पाणी भरून ठेवायचे, म्हणजे बुडाच्या खोलगटपणाने आकडा चुकत नाही. झाडाखाली, पागोळीखाली न ठेवता मोकळ्यावर ठेवायची. रोज ठरलेल्या वेळी नोंद, आणि मागच्या तीन दिवसांची बेरीज शेजारच्या रकान्यात. ती बेरीजच खरी बाकी. किती बेरजेवर निघायचे, हे प्रत्येक वाडीला आपल्या जुन्या अनुभवावरून आणि जाणकारांना विचारून ठरवावे लागेल. मी येथे आकडा देणार नाही. एका डोंगराचा आकडा दुसऱ्याला लागू नसतो. मात्र आकडा ठरला की कोणी भोंगा वाजवायचा आणि त्याच्या गैरहजेरीत कोणी, ही दोन नावे लिहूनच ठेवावीत.

आणि निघालो व काही झाले नाही, तर? सकाळी परत यायचे, चहा घ्यायचा. त्या माणसाची थट्टा करायची नाही, एवढे वाडीच्या बैठकीत आधीच ठरवून ठेवावे. पुढच्या वेळी त्यानेच ओरडायचे असते.

माझ्या आजोळच्या वाडीचा असा नकाशा येत्या पावसाळ्यापूर्वी करावा, अशी माझी संस्थेला विनंती आहे. संस्थेच्या अभ्यासिकेतील आठ-दहा विद्यार्थी दोन रविवार आले तर पुरे. विहाराची टाचणी मामांनी स्वतःच्या हाताने लावावी आणि तिच्या वर काय आहे ते त्यांनीच पाहावे. मग मला काही बोलावे लागणार नाही. शाळेची जागा उंच आहे, परंतु तिची किल्ली दुसऱ्या वाडीत असते. त्यासाठी सरपंचांना आणि मुख्याध्यापकांना आधी भेटावे लागेल. आमच्या शाखेत नव्या संगणकांचे रिकामे खोके पडून आहेत. पुठ्ठा मी आणतो. टाचण्या, दोरा आणि डिंक यांचा खर्च संस्थेने करावा.